आप्तवाक्य

दुसऱ्याचें दुःख आपणांस कळतें तें कशानें, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटण्याजोगा आहे. मूल पडलें आणि गुडघा फुटला, कीं रक्त दिसतें. ताप चढला, कीं अंग हातास भाजतें. हाड मोडलें, तर तें चित्रांत उमटतें. अशा ठिकाणीं दुःखाला साक्षीदार असतो आणि विश्वास ठेवण्याचे श्रम आपणांस पडत नाहींत. परंतु ज्या वेदनेला रक्त नाहीं, सूज नाहीं, ताप नाहीं, जी महिन्यांतून चार दिवस येते आणि पांचव्या दिवशीं कांहींहि खूण न ठेवतां निघून जाते, ती कळावयाची कशी? तेथें पुरावा एकच. जिला दुखतें ती म्हणते, 'मला दुखतें.' हा पुरावा आपण किती मानतों, यावरून आपल्या न्यायबुद्धीची बरीचशी परीक्षा होते, असें मला उतारवयांत वाटूं लागलें आहे.

आपल्या नैयायिकांनीं ज्ञानाचीं चार साधनें सांगितलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांतील शब्द म्हणजे वाटेल त्याचा शब्द नव्हे, आप्ताचा शब्द. आणि आप्त कोण, तर ज्याला ती गोष्ट साक्षात् ठाऊक आहे, आणि जशी ठाऊक आहे तशी ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. न्यायसूत्रांवर भाष्य करणाऱ्या वात्स्यायनानें येथें एक फार उदार गोष्ट नमूद करून ठेविली आहे. आप्ताचें हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस सारखेंच लागूं पडतें, असें तो म्हणतो. म्हणजे शब्दाची किंमत बोलणाऱ्याच्या प्रतिष्ठेवर नाहीं, त्याच्या अनुभवावर आणि सचोटीवर आहे. आपण मराठींत मात्र आप्त म्हणतों तें नात्याच्या माणसाला. या दोन अर्थांची घरांत गांठ पडावी, जें माणूस आपलें त्याचा शब्द आपणांस प्रमाण वाटावा, अशी अपेक्षा कोणीहि करील. ती माझ्या स्वतःच्या घरांत कशी पाळली गेली, तें सांगतों. सांगतांना संकोच होतो. पण ज्याची चूक त्यानेंच ती सांगावी हें बरें. पत्नीची संमति या वेळीं मीं नीट विचारून घेतली आहे.

१९८६ सालीं आमचें दुसरें अपत्य जन्मास आलें. आणखी मूल नको, याविषयीं आम्हां उभयतांत मतभेद नव्हता. मतभेद व्हावा असा एक निराळा प्रश्न होता, पण तो कोणाच्या मनांतच आला नाहीं. शस्त्रक्रिया दोघांपैकीं कोणीं करून घ्यावी? पुरुषावरची शस्त्रक्रिया लहान असते, तींत पोट उघडावें लागत नाहीं, तेवढी जागा बधिर करून ती थोड्या वेळांत उरकते, हें मला वाचून ठाऊक होतें. तरी आई म्हणाली, "ती इस्पितळांत आहेच, एका बाळंतपणांत दोन्हीं उरकेल," आणि तें मला सोयीचें वाटलें. मी नोकरीचा माणूस, मला अंथरुणावर पडून कसें चालेल, असेंहि कोणीसें म्हणालें. पत्नीनें एकदांच विचारलें, "अहो, तुम्ही काय म्हणतां?" मीं उत्तर दिलें, "तुला योग्य वाटेल तसें कर." हें उत्तर मला त्या वेळीं फार उदार वाटलें होतें. कागदावर तिनें सही केली. तिच्या सहीखालीं मीं माझी केली.

तीन वर्षांनीं दर महिन्यास तिच्या ओटीपोटांत डाव्या अंगाला कळ येऊं लागली. पहिल्या दिवशीं ती उभी राहूं शकत नसे. "ऑपरेशन झाल्यापासून माझें पोट धड नाहीं," असें ती म्हणे. मी महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकवीत असें. मीं तिला समजावून सांगितलें, "अग, ऑपरेशन झालें शहाऐंशी सालीं आणि दुखूं लागलें एकोणनव्वद सालीं. एक गोष्ट दुसरीच्या मागून आली म्हणून ती पहिलीमुळें आली असें ठरत नाहीं. कावळा बसला आणि फांदी मोडली, तसें हें." वैद्य-डॉक्टर झाले. एकानें वात सांगितला, दुसऱ्यानें अशक्तपणा सांगितला, तिसऱ्यानें तिच्याकडे न पाहतां माझ्याकडे पाहून, "या वयांत बायकांचें असें चालायचेंच, मन कशांत तरी गुंतवा," असा सल्ला दिला. पुढें पुढें तिनें सांगणें सोडून दिलें, आणि दुखणें थांबलें असें मीं धरून चाललों.

१९९७ सालीं एके सकाळीं ती ओट्यापाशीं पोट धरून खालीं बसली, ती उठेना. या वेळीं दुर्बिणीतून पोट तपासलें गेलें. शस्त्रक्रियेनंतर डाव्या गर्भनलिकेचा जो तुकडा गर्भाशयाला लागून उरला होता, त्याचें टोंक फुगून काळेंनिळें झालें होतें. तो भाग काढून परीक्षेस पाठविला, आणि निदान आलें एंडोमेट्रिऑसिस. मीं डॉक्टरांना विचारलें, "हें त्या ऑपरेशनमुळेंच झालें काय?" ते विचारी गृहस्थ होते. म्हणाले, "तें मी छातीठोकपणें सांगणार नाहीं. पण बाई जेथें बोट ठेवीत होत्या, तेथेंच तें होतें."

हा विकार काय आहे, तें थोडक्यांत सांगणें जरूर आहे, कारण पुढचा विचार त्यावर अवलंबून आहे. गर्भाशयाला आंतून जें अस्तर असतें, तें दर महिन्यास वाढतें आणि स्रावाच्या रूपानें गळून पडतें. त्याच जातीचें अस्तर कांहीं स्त्रियांच्या पोटांत गर्भाशयाच्या बाहेर रुजतें. तेंहि महिन्याच्या त्याच तालावर वाढतें आणि रक्त टाकतें. परंतु त्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसते. मग दाह होतो, आंतले अवयव एकमेकांस चिकटतात, आणि वेदना होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें प्रजननाच्या वयांतील स्त्रियांपैकीं सुमारें शेंकडा १०, म्हणजे जगांत सुमारें १९ कोटि स्त्रिया व मुली, यानें पीडित आहेत. आणि निदान होण्यास वर्षेंच्या वर्षें लागतात. व्हिएन्ना येथील रोकितान्स्की यानें १८६० सालीं या जातीच्या गांठींचें वर्णन केलें, असें सामान्यतः मानतात. अमेरिकेंत ऑल्बनी येथील जॉन सॅम्प्सन यानें १९२० नंतरच्या दशकांत त्याची एक उपपत्ति मांडली. मासिक स्रावाचा कांहीं अंश उलट दिशेनें नलिकांतून पोटांत उतरतो आणि तेथें रुजतो, अशी ती उपपत्ति होय.

ही उपपत्ति ऐकून कोणीहि म्हणेल, मग नलिका बांधल्या कीं वाट बंद झाली, विकार उलट कमी व्हावा. पोटाच्या बाबतींत हें कांहीं अंशीं खरेंहि असेल. परंतु शरीर आपल्या तर्काप्रमाणें चालण्यास बांधलेलें नाहीं. नलिका कापली तरी गर्भाशयाच्या बाजूचा तुकडा मागें राहतोच, आणि त्याच्या जखमी टोंकाशीं हें अस्तर शिरूं शकतें, असें दिसून आलें आहे. सॅम्प्सननें स्वतःच १९३० सालीं नलिका काढून टाकल्यानंतर उरलेल्या भागांत होणाऱ्या या प्रकारच्या वाढीवर निबंध लिहिला. १९८० नंतरच्या वर्षांत, तुकडा आंखूड राहिला असतां किंवा नलिका विजेनें जाळली असतां हें अधिक आढळतें, असें निरीक्षण पुढें आलें. कधीं कधीं हें अस्तर टोंक फोडून पोटांत सूक्ष्म वाट पाडतें, आणि क्वचित् भलत्या ठिकाणीं गर्भ राहतो. यांत एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. हें ज्ञान मुख्यतः कोणत्या स्त्रियांपासून मिळालें? ज्या नलिका पुन्हां जोडून घेण्यासाठीं आल्या, त्यांच्या कापून काढलेल्या तुकड्यांवरून. 'मला दुखतें' असें सांगत आलेल्या स्त्रियांच्या सांगण्यावरून नव्हे.

आतां दुसरी बाजूहि प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. २००० सालीं अमेरिकेंत एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. नलिकांची शस्त्रक्रिया झालेल्या सुमारें ९,५०० स्त्रियांची, ज्यांच्या नवऱ्यांनीं शस्त्रक्रिया करून घेतली होती अशा ५७३ स्त्रियांशीं, पांच वर्षेंपर्यंत तुलना केली होती. शस्त्रक्रियेमुळें मासिक पाळीचे त्रास एकंदरींत वाढतात, असें तींत आढळलें नाहीं. उलट कित्येकींच्या वेदना कमी झालेल्या दिसल्या. नलिकेच्या टोंकाशीं ही वाढ असूनहि जिला कांहींच दुखत नाहीं, अशाहि स्त्रिया आहेत. तेव्हां 'ऑपरेशन केलें म्हणून दुखतें' हें प्रत्येकीचें अनुमान खरेंच असतें, असें म्हणतां यावयाचें नाहीं. नको असलेल्या बाळंतपणापासून या शस्त्रक्रियेनें असंख्य स्त्रियांना सोडविलें आहे, हें तर मुळींच विसरतां कामा नये.

मग माझा तर्क बरोबर होता काय? होता, आणि तरीहि मीं अन्याय केला. तो कोठें झाला, हें उमगण्यास मला फार वर्षें लागलीं. पत्नीच्या वाक्यांत दोन विधानें होतीं. 'मला दुखतें' हें एक, आणि 'ऑपरेशनमुळें दुखतें' हें दुसरें. दुसरें विधान कार्यकारणाचें आहे. त्याचा निर्णय अनुमानानें व्हावयाचा, तेथें तिचा शब्द अखेरचा नाहीं, माझाहि नाहीं. तेथें तपासणारा जाणता पुरुष आप्त. पण पहिल्या विधानाच्या बाबतींत तिच्यावांचून दुसरा आप्त जगांत नाहीं. वेदना तिला प्रत्यक्ष, आम्हां इतरांस केवळ शब्दगम्य. मीं केलें तें असें, कीं दुसऱ्या विधानाविषयीं माझ्याजवळ जी शंका होती, ती घेऊन मीं पहिलें विधानहि खोडून टाकलें. कारण सिद्ध होत नाहीं, म्हणून कार्यच नाहीं! एखाद्या विद्यार्थ्यानें परीक्षेंत असें लिहिलें असतें तर मीं त्याला नापास केलें असतें. घरांत मात्र तेंच मीं आठ वर्षें करीत होतों, आणि त्याला विवेक म्हणत होतों.

ही चूक माझ्या एकट्याची असती, तर ती मासिकाच्या पानांवर मांडण्याचें कारण नव्हतें. पण ती आमच्या सबंध समाजाच्या सोयीची आहे. १९७६-७७ या एका वर्षांत, आणीबाणीच्या अमलांत, देशांत सुमारें ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकीं सुमारें ६२ लाख पुरुषांवरच्या होत्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तर १९७६ सालीं सक्तीचें विधेयकच संमत केलें होतें. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्यामुळें तें अमलांत आलें नाहीं. त्या सक्तीचा पुरुषांना संताप आला, आणि तो योग्यच होता. १९७७ सालीं सरकार पडलें. पण पुढें काय झालें? शस्त्रक्रिया थांबल्या नाहींत. त्या पुरुषांवरून स्त्रियांवर सरकल्या. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा ३७.९ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. ज्यांच्या पतीची झाली होती अशा शेंकडा ०.३. एका लहान शस्त्रक्रियेच्या बदल्यांत एक मोठी, आणि तीहि इतक्या विषम प्रमाणांत! पुरुषाच्या देहावर सक्ति झाली तेव्हां राज्य हाललें. २०१४ सालच्या नोव्हेंबरांत छत्तीसगडांत बिलासपूरजवळ एका शिबिरांत कांहीं तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यांत आल्या, आणि त्या व लगतच्या शिबिरांतील मिळून १३ स्त्रिया दगावल्या. सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं अशीं शिबिरें तीन वर्षांत बंद करावीं असा आदेश दिला. मृत्यु झाले म्हणून निदान एवढें तरी झालें. ज्या नुसत्या दुखणें घेऊन घरीं जातात, त्यांची नोंद कोण ठेवणार?

येथें एक आक्षेप येतो, आणि तो दुबळा नाहीं. या स्त्रियांनीं संमति दिली होती ना? सही तर त्यांचीच होती. सज्ञान माणसानें जाणूनबुजून पत्करलेल्या गोष्टीचा दोष दुसऱ्यावर कसा टाकतां येईल?

संमति ही थोर वस्तु आहे, हें मी कबूल करतों. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका खटल्यांत तिचें महत्त्व फार स्पष्टपणें सांगितलें. १९९५ सालीं दिल्लींतील एका ४४ वर्षांच्या अविवाहित स्त्रीला दुर्बिणीनें तपासण्यासाठीं भूल देण्यांत आली. एंडोमेट्रिऑसिस आढळला. ती बेशुद्ध असतांच बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमति घेऊन तिचें गर्भाशय, अंडाशय आणि नलिका काढून टाकण्यांत आल्या. न्यायालयानें ठरविलें कीं तपासणीला दिलेली संमति ही शस्त्रक्रियेची संमति नव्हे. आणि जीव तत्काळ धोक्यांत नसतां सज्ञान स्त्रीच्या वतीनें आईलाहि संमति देतां येत नाहीं. सर्वांत जवळचा आप्तहि येथें चालत नाहीं. तिच्या देहाविषयीं बोलणारी ती एकटी.

परंतु संमतीनें काय होतें आणि काय होत नाहीं, हें वेगळें करून पाहिलें पाहिजे. संमतीनें शस्त्रवैद्याचा शस्त्रप्रयोग हा अपराध होत नाहीं, एवढें खरें. ज्याच्या सोयीसाठीं तो झाला, त्याचें ऋण तिनें फिटत नाहीं. घराच्या अडचणींत एखादी गृहिणी हातांतल्या पाटल्या काढून देते. तिनें त्या राजीखुषीनें दिल्या म्हणून घर तिचें ऋणी नाहीं, असें कोणी म्हणत नाहीं. उलट राजीखुषीनें दिल्या म्हणूनच तें ऋण अधिक जड वाटतें. मग पाटल्यांऐवजीं तिनें देह पुढें केला, तर हिशेबाची रीत एकदम कां पालटावी? शिवाय 'तुला योग्य वाटेल तसें कर' असें म्हणणाऱ्या पुरुषानें दुसरा पर्याय, म्हणजे आपला देह, पुढें ठेविलाच नव्हता. एकाच वाटेच्या तोंडाशीं उभें करून 'हवी ती वाट घे' म्हणणें याला स्वातंत्र्य देणें म्हणतां येईल काय?

कोणी असेंहि म्हणेल, कीं असल्या गोष्टी उघड बोलूं नयेत. भोळ्या स्त्रिया भितील, शस्त्रक्रियेपासून दूर पळतील, आणि जिचा बहुतेकींना लाभ होतो ती सोय बुडेल. या युक्तिवादाला महाराष्ट्रांत उत्तर कधींच मिळालेलें आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें, तें १९५३ सालीं त्यांचें निधन होईपर्यंत. स्त्रियांना हें ज्ञान देऊं नये, त्या बिघडतील, असें त्यांचे विरोधक म्हणत. आज त्या बिघडतील असें कोणी म्हणत नाहीं. त्या भितील असें म्हणतात. शब्द पालटला, पण स्त्रीला पुरतें न सांगतां तिचें हित साधावें, ही समजूत तीच राहिली. जी सोय खरें सांगितल्यानें बुडते, ती बुडण्याच्याच योग्यतेची. आणि ही शस्त्रक्रिया तशी आहे असें मला वाटत नाहीं. 'क्वचित् असें होतें; झाल्यास येऊन सांगा, आम्ही ऐकूं,' एवढें आधीं सांगितलें, तर तिच्यावरचा विश्वास वाढेलच.

तेव्हां ऋण फेडावयाचें कसें? गेलेली वेदना परत घेतां येत नाहीं. तिची वांटणीहि होत नाहीं. देतां येण्यासारखें एकच उरतें, आणि तें म्हणजे विश्वास. आधीं पुरतें सांगावें, आपला देहहि पर्याय म्हणून पुढें ठेवावा, आणि नंतर ती 'दुखतें' म्हणाली, कीं कारणाचा वाद बाजूस ठेवून प्रथम तें खरें मानावें. यांत नवऱ्यानें आपली बुद्धि गहाण टाकावी असें कांहीं नाहीं. कारण शोधण्यासाठींच बुद्धि हवी, आणि वेदना खरी मानली तरच माणूस कारण शोधूं लागतो. मीं ती मानली नाहीं, म्हणून मीं शोधलेंहि नाहीं. आठ वर्षें डाव्या बाजूला ठेवलेलें बोट मला दिसत असूनहि मीं तिकडे पाहिलें नाहीं.

त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पत्नीचें दुखणें बरेंच ओसरलें. पाळी गेल्यावर उरलेंसुरलेंहि गेलें. आतां आम्ही दोघें म्हातारीं झालों आहोंत. मध्यंतरीं एकदां धीर करून मीं तिला विचारलें, "मधलीं इतकीं वर्षें तूं कांहीं बोलली कां नाहींस?" ती निवडीत असलेल्या तांदळांतून वर न पाहतां म्हणाली, "बोलत होतें कीं. तुम्ही उत्तरें देत होतां."

धाकटी मुलगी आतां स्वतः दोन मुलांची आई आहे. तिच्या घरीं जेव्हां हा प्रश्न निघाला, तेव्हां मीं जांवयांना एकीकडे बोलावून ही सारी हकीकत सांगितली. त्यांनीं काय ठरविलें, हें सांगण्याचा अधिकार मला नाहीं. पण ठरवितांना दोघें एका खोलींत बसलीं होतीं, आणि पुष्कळ वेळ मुलीचा आवाज ऐकूं येत होता.